तलवारीची मूठ काढली तेव्हा

माझं लग्न ठरवायला वडील लोणावळ्याला जाऊन आले, तेव्हा आईने दारातच विचारलं, "मुलगा कसा आहे?" वडील चपला काढत म्हणाले, "मुलगा बरा असावा. तलवार उत्तम आहे."

पुढे लग्न होऊन मी तळेगावहून लोणावळ्याला आले आणि वडिलांवर काय गुदरलं असेल ते कळलं. आमच्या बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर, दोन खुंट्यांवर ती आडवी टांगलेली असे. म्यान लोखंडी, मातकट तपकिरी रंग दिलेलं. मुठीला तपकिरी फीत गुंडाळलेली आणि फितीच्या खिडक्यांतून माशाची पांढरी, खरखरीत कातडी डोकावायची. पितळेची बारकी फुलं जिथे तिथे. पाहुणा टेकला की मामंजी उठायचे, तलवार काढायचे आणि पाण्याचा तांब्या यायच्या आत पाहुणा ब्रह्मदेशात पोचलेला असायचा.

मामंजी मूळचे वडिवळ्याचे. लढाईच्या काळात पलटणीत भरती झाले, ते थेट ब्रह्मदेशात गेले आणि नायक होऊन परत आले. तलवारीची गोष्ट अशी, की जपान शरण आला तेव्हा एका जपानी मेजरने कमरेत वाकून ती त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "ही आमच्या घराण्यात तीनशे वर्षं आहे. माझ्या खापरपणजोबाने कमरेला लावली होती. आता तुझ्यासारख्या मर्दाकडेच ती शोभेल." मेजर हे सगळं कोणत्या भाषेत बोलला, असं मी नव्या नवलाईत एकदा विचारलं. मामंजी म्हणाले, "लढाईत समजतं समदं." नवरा पायाने माझा पाय दाबत होता.

या गोष्टीवर विश्वास न ठेवणारा एकच माणूस आमच्याकडे यायचा, आणि तो दर रविवारी यायचा. सासूबाईंचा भाऊ. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून उभी हयात काढून कुसगावला घर बांधून राहिलेला. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मामांच्या मते जगात दोनच प्रकारचं लोखंड होतं, रेल्वेचं आणि टाकाऊ. दसऱ्याला मामंजी तलवारीला झेंडू वाहायचे, शेजारी मामा आपले नट-बोल्ट आवळायचे पाने मांडायचे आणि हळद-कुंकू पुरतं वाळायच्या आत सुरुवात व्हायची.

"दाजी, ही तलवार न्हाई. डब्याखालच्या स्प्रिंगचा पाटा हाय ह्यो. घासून टोक काढलंय फक्त."

"पावनं, तुमी डब्याखाली जल्म काढला. तुमाला वर काय दिसनार?"

सासूबाई म्हणायच्या, "आपटा द्या आणि जेवायला बसा."

हे असंच चाललं असतं, पण आमच्या शाळेत प्रदर्शन भरवायचं ठरलं. मी शास्त्र शिकवायचे. हेडमास्तरांना तलवारीची कीर्ती ठाऊक होती. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, तुमच्या सासऱ्यांची तलवार पहिल्या टेबलावर. खाली मोठ्या अक्षरात पाटी लिहा. तीनशे वर्षांपूर्वीची जपानी तलवार."

मी म्हटलं, "सर, तीनशे वर्षं कशावरून?"

"अहो, ते स्वतः सांगतात."

वर्गात मी रोज मुलांना बजावायचे, की करून पाहिल्याशिवाय कशाचं काही लिहू नका. आता स्वतःच्या हाताने खोटं लिहायला जीव होईना. घरी येऊन भीत भीत मामंजींना विचारलं, तलवार खरी जुनी आणि हातघडणीची आहे की लढाईच्या घाईत कारखान्यात काढलेली, हे तपासून पाहू का?

"तपास की," ते छाती काढून म्हणाले. "आमाला कसलं भ्याव?"

तपास कसा करतात, हे मला अजिबात माहीत नव्हतं. मी प्रयोगशाळेतला लोहचुंबक आणला. तो पात्याला चिकटला. तलवार लोखंडाची आहे, एवढा शोध पहिल्या दिवशी लागला. मामंजी म्हणाले, खरी तलवार एका घावात केळ कापते. मामा म्हणाले, दावाच. दोघे परसात गेले. मामंजींनी धोतर खोचलं, तलवार डोक्यावर नेली आणि "हर हर महादेव" करून केळीवर घातली. खुंट सरळ दोन तुकडे होऊन पडला. मामंजी विजयाने मागे वळले.

मामा म्हणाले, "केळ काय, सुपारीच्या अडकित्त्यानं बी तुटंल."

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. त्या केळीला घड धरलेला होता. पुढचा अर्धा तास जे झालं ते ब्रह्मदेशातही झालं नसेल. आम्ही आठवडाभर कच्च्या केळ्यांची भाजी खाल्ली, आणि तलवारीबद्दल काही म्हणता काही सिद्ध झालं नाही.

शेवटी हेडमास्तरांनीच वाट दाखवली. स्टेशनापलीकडे एका जुन्या बंगल्यात एक म्हातारे पारशी गृहस्थ राहायचे. तरुणपणी गलबतांच्या धंद्यात जग फिरलेले, आणि फिरता फिरता देशोदेशीची हत्यारं गोळा केलेली. आता गुडघे गेले होते. दोन कुत्री, एक स्वयंपाकी आणि भिंतभर तलवारी, एवढाच संसार. मी चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं: "तलवार घेऊन ये. पातं पुसू नकोस. पातं पुसलं असेल तर रडत ये."

तलवार रस्त्याने उघडी कशी न्यायची? सासूबाईंनी ती जुन्या नऊवारीत गुंडाळली आणि वर उशीचा अभ्रा चढवला. मामंजी डोक्याला फेटा, अंगात पलटणीचा कोट घालून निघाले. टांग्यात आमच्या दोघांच्या मांडीवर ते बोचकं होतं. टांगेवाल्याने विचारलं, "मयत कुणाचं म्हनायचं?" मामंजींनी त्याला शिव्या घातल्या.

पारशीबाबांनी तलवार म्यानातून उपसली ती पाळण्यातलं मूल उचलावं तशी. पात्याला बोट लागू दिलं नाही. मामंजी एरवी पात्यावरून अंगठा फिरवून धार दाखवायचे. बाबांनी ते बोटांचे डाग पाहिले आणि त्यांच्याकडे असं बघितलं, की मामंजींनी हात कोटाच्या खिशात घातले.

"बघ डिकरी," बाबा मला म्हणाले, "वरचा पोशाख बघायचा नाही. हा पोशाख लष्कराचा. आत म्हातारा माणूस असेल, आत काल जन्मलेला पण असेल. कितीतरी लोकांनी आजोबाची तलवार काढून लष्कराच्या पोशाखात घातली होती. म्हणून आत बघायचं."

मामंजींना हे फार आवडलं. "आजोबाचीच हाय," ते म्हणाले.

बाबांनी मला भिंग दिलं आणि पातं खिडकीकडे तिरपं धरलं. धारेलगत ढगाच्या कडेसारखी एक पांढुरकी लाट पात्याच्या टोकापर्यंत गेलेली दिसली. बाबा म्हणाले, की हाताने घडवणारा लोहार पात्यावर मातीचा लेप देतो, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. मग लालबुंद पातं पाण्यात बुडवतो. त्याने धार कडक होते, पाठ लवचीक राहते, आणि दोघांच्या सीमेवर बारीक चकाकते कण उठतात, पहाटे गवतावर दहिवर पडावं तसे. लोखंड पुन्हा पुन्हा दुमडून ठोकलेलं असतं, म्हणून अंगावर लाकडासारख्या रेषाही दिसतात. घाईत कारखान्यात काढलेलं पातं मात्र तेलात थंड करतात. लाट त्यालाही येते, पण कोरडी, दहिवराशिवाय.

"दहिवर दिसतंय?"

मी खूप वेळ पाहिलं. मला दिसावं असं फार वाटत होतं. मामंजी माझ्या खांद्यावरून वाकून श्वास सोडत होते आणि भिंगावर वाफ धरत होती. लाट स्वच्छ होती, कडेला थोडी काळपट. कण नव्हते. रेषाही नव्हत्या. पातं आरशासारखं एकसारखं होतं.

"नाही दिसत," मी म्हटलं.

"भिंग खराब असंल," मामंजी म्हणाले.

बाबा हसले. "असेल. म्हणून आता मूठ काढू."

मूठ निघते, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. फितीखाली बांबूची एक छोटी खुंटी होती. बाबांनी पितळेच्या हातोडीने ती हलके ठोकून बाहेर काढली, मूठ धरून पातं उभं केलं आणि दुसऱ्या हाताने आपल्याच मनगटावर बुक्की मारली. एक, दोन, तीन. मूठ सैल झाली आणि हातात आली. आत पात्याची नागडी शेपटी होती, तपकिरी गंजलेली. बाबांनी आधी दटावलं, की हा गंज कधीही घासायचा नाही. शेपटीचं वय गंजावरून कळतं. जुन्या तलवारीची शेपटी काळीभोर असते आणि तिला बहुधा दोन-तीन भोकं असतात, कारण तिने दोन-तीन मुठी पाहिलेल्या असतात.

आमच्या शेपटीला एक भोक होतं. गंज विटकरी, कोवळा. एका बाजूला छिन्नीने कोरलेली जपानी अक्षरं होती. ती पाहून मामंजी जवळजवळ ओरडलेच, "मेजरचं नाव!"

"लोहाराचं नाव," बाबा म्हणाले. "कारखान्यात पण लोहार नाव घालायचे. पण हे बघ." अक्षरांच्या वर तांदळाच्या दाण्याएवढा शिक्का होता. "हा तपासणीचा शिक्का. हातघडणीच्या पात्यावर हा नसतो. लाट कोरडी, रेषा नाहीत, भोक एक, वर शिक्का. एकेकटी खूण खोटं बोलेल, चौघी मिळून बोलणार नाहीत. लढाईच्या वेळची आहे, कारखान्याची. चांगली तलवार आहे हं. पण आजोबाची नाही."

शेपटीच्या टोकाला लाल रंगाने फराट्यात काहीतरी लिहिलेलंही होतं. ते बाबांनाही वाचता आलं नाही.

आम्ही टांगा न करता पायीच निघालो. बोचकं मामंजींच्या खांद्यावर होतं. रेल्वेच्या फाटकापाशी ते म्हणाले, "सूनबाई, जरा टेकू." आम्ही मोरीच्या कठड्यावर बसलो. मालगाडी गेली. त्यांचा फेटा एका बाजूला कलला होता. मला वाटलं, आता मला बोलणी बसणार.

"मेजर न्हवताच," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळले.

"एका मैदानात तलवारींचा ढीग लावलावता. जळणाची लाकडं रचत्यात तसा. सायब म्हनला, एकेक उचला. रांग लागली. मी खेचरांच्या कंपनीत. खेचरांना पानी दावून आलतो, म्हनून पार मागं. पुढच्यांनी गोंडेवाल्या, चांदीच्या उचलल्या. ही राह्यलीवती."

"मग कुणाची होती?"

"मला काय ठावं? जित्याची का मेल्याची, त्ये बी ठावं न्हाई." त्यांनी बोचकं मांडीवर घेतलं. "घरी आलो, लगीन झालं. तुजी सासू म्हनली, कुनाची? आता ढिगातली कसं सांगू? म्हनून तिच्यामागं एक मानूस उभा केला. आदी शिपाईच व्हता त्यो. मग सांगता सांगता वाढत गेला. आमाला नायकाच्या म्होरं बढती मिळाली न्हाई, त्याला मिळाली."

हे ते इतक्या गंभीरपणे म्हणाले, की मला हसू दाबता येईना. पदर तोंडाला लावला तरी खांदे हलत होते. मामंजींनी पाहिलं, क्षणभर डोळे वटारले, आणि मग स्वतःच असे हसले की फाटकवाला बाहेर येऊन बघून गेला.

घरी पोचल्यावर मामंजी सरळ न्हाणीघरात गेले. सासूबाईंना मी भीत भीत सगळं सांगितलं. त्या गव्हातले खडे काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला काय सांगतेस? लग्नातला हार सुकला तेव्हा तो शिपाई होता. थोरला झाला तेव्हा सुभेदार. धाकटीच्या बारशाला मेजर झाला. आणखी एखादं मूल झालं असतं तर राजा शरण आला असता."

प्रदर्शनात मी पाटी लिहिली: "जपानी लष्करी तलवार. महायुद्धाच्या काळात कारखान्यात तयार केलेली." हेडमास्तरांचा चेहरा उतरला आणि पहिल्या टेबलावर त्यांनी बरणीतला नाग ठेवला. तलवार तिसऱ्या टेबलावर, ज्वारीच्या वाणांशेजारी गेली. मामंजी कोट घालून दिवसभर तिच्याजवळ उभे होते. मामा आले, पाटी दोनदा वाचली, आणि फक्त "हं" म्हणाले. त्या एका "हं"ने मामंजींना जेवण गेलं नाही.

लाल अक्षरांचा उलगडा त्यानंतरच्या हिवाळ्यात झाला. नवरा ज्या कारखान्यात होता तिथे नवी यंत्रं बसवायला एक जपानी इंजिनीअर आला होता. चाळिशी नुकतीच ओलांडलेला, बारीक, चष्मेवाला. लोणावळ्याच्या गेस्ट हाउसात एकटाच उकडलेले बटाटे खाऊन राहायचा. नवऱ्याने त्याला रविवारी जेवायला बोलावलं. बातमी कुसगावला पोचली आणि मामा सकाळीच हजर झाले.

जपानी माणूस म्हणजे तलवारीतला तज्ज्ञ, यात कुणालाच शंका नव्हती. पुरणपोळी वाढायच्या आधीच मामंजींनी तलवार उपसून त्याच्यापुढे धरली. तो बिचारा भिंतीला टेकला. नवऱ्याने त्याचं इंग्रजी आम्हाला मराठीत सांगितलं, "ते म्हणतायत, मी जन्मात तलवारीला हात लावलेला नाही. मी बॉयलरचा माणूस आहे."

मामंजींनी मूठ काढली. त्यात आता त्यांचा हात बसला होता. कोरलेली अक्षरं बघून इंजिनीअर म्हणाला, हे कुणाचं तरी नाव आहे, मला नीट लागत नाही. मग त्याने चष्मा कपाळावर ढकलला आणि लाल फराटे वाचले. मला वाटत होतं, एखादी प्रार्थना असेल. किंवा खरोखरच त्या माणसाचं नाव.

"छत्तीस," नवऱ्याने सांगितलं.

"काय छत्तीस?"

"नंबर. ते म्हणतायत, कारखान्यात मूठ, म्यान आणि पातं एकमेकांना जुळवून झालं की सगळ्यांवर एकच नंबर टाकत. ढिगात सरमिसळ होऊ नये म्हणून."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून आधी मामांकडे आणि मग मामंजींकडे बघत म्हणाल्या, "छत्तीस! मी या घरात आल्यापासून तुमच्या दोघांत आहेच की तो आकडा." आणि पोळीचं उलथणं हातात धरून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. इंजिनीअरला हा विनोद कसा समजावायचा, यात नवऱ्याची पंधरा मिनिटं गेली. समजला नाहीच.

पण मामा हसले नाहीत. ते पुढे सरकले. "आमच्याकडं बी असंच," ते म्हणाले. "बेअरिंग जुळवलं की रंगानं आकडा. विचार त्यांना, ह्ये कुटं शिकले?"

तेव्हा कळलं, की लढाईच्या शेवटी याच्या शाळेचे वर्ग बंद करून सगळ्या पोरांना कारखान्यात लावलं होतं. याच्याकडे कानस होती. वर्षभर त्याने बोल्ट घासले, कशाचे ते त्याला कुणी सांगितलं नाही. मामा ताडकन उठले. "कानस कशी धरायचा, दाव." इंजिनीअरही उठला. आमच्या बाहेरच्या खोलीत एक कुसगावचा आणि एक जपानचा, दोघे पाय फाकवून, नसलेल्या पकडीत नसलेला बोल्ट धरून हवेत कानस चालवू लागले. मामांनी त्याचा डावा अंगठा नीट केला. त्याने वाकून आभार मानले.

जेवताना त्याने मामंजींना विचारलं, आपण कुठे होता? मामंजी म्हणाले, "बर्मा." हातातला घास पानात ठेवून तो म्हणाला, माझा थोरला भाऊ तिथेच होता. आला नाही.

सासूबाईंनी त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली, वर तुपाची धार धरली. मामंजींनी हात धुतले, तलवार जोडून म्यानात घातली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. नवऱ्याला म्हणाले, "सांग त्यांना. ढिगातनं उचललीवती. कुनाची ठावं न्हाई. घिऊन जावा."

पाहुण्यासमोर ते पहिल्यांदाच खरं बोलले होते.

इंजिनीअर गोंधळला, मग हात हलवत घाईघाईने बोलला. नवऱ्याने सांगितलं, "ते म्हणतायत, फार उपकार झाले, पण विमानात कशी नेऊ? आणि आमची आई असली वस्तू उंबऱ्याच्या आत घेणार नाही." मग त्याने लाजत विचारलं, त्याऐवजी या पोळ्या दोन बांधून मिळतील का?

सासूबाईंनी सहा बांधल्या.

पुढच्या रविवारी मामा आले ते हातात तेलाचा छोटा डबा घेऊन. वर्कशॉपमधला, सांभाळून ठेवलेला. तो मामंजींच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "पात्याला लावा. गंज धरतुया."

"धरू दे," मामंजी म्हणाले. "कारखान्याची तर हाय."

"कारखान्याची हाय म्हंजी?" मामा चिडलेच. "कुनीतरी हुबं राहून घासलीया ती. आमी काय कारखान्यात गोट्या खेळत व्हतो?"

मामंजी उठले. मग खुंट्यांवरून तलवार काढली, ओटीवर पोतं अंथरलं आणि सासूबाईंकडे मऊ फडकं मागितलं. मामा म्हणाले, तेल दोन थेंबच लावा. मामंजी म्हणाले, पलटणीत बोटभर लावत्यात. त्यावरून जे जुंपलं ते चहा दोनदा गार होईपर्यंत संपलं नाही.